गंज कोणी काढू नये

दादा, तुझ्या तेरवीला मी वरण दोनदा मागून घेतलं, हे आधी कबूल करते. सख्खा भाऊ गेलाय आणि ही बाई पंगतीत बसून वाढप्याला परत बोलावते आहे, हे समोरच्या बायकांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. दिसू दे. बायकांची पंगत शेवटची, दुपारचे तीन वाजून गेलेले, आणि वरण खरोखर चांगलं झालं होतं. आचाऱ्याच्या हातचं वाटत नव्हतं. ते कोणत्या भांड्यात शिजलं होतं हे मला तीन दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे.

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तू होतास तेव्हाही माझं चिडणं तू कुठे ऐकून घेतलंस? हातातली तार खाली न ठेवता "हाव, बरोबर हाये तुह्यं" म्हणायचास आणि पुन्हा तेच करायचास. आता मला मधेच थांबवायला तुझा फोन वाजणार नाही, कोणी कास्तकार जळलेली मोटार खांद्यावर घेऊन दारात उभा राहणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत ऐक.

तुझ्या त्या खोलीपासून सुरू करते. रिसोडला पुढे दुकान, मागे घर, आणि मधली ती लांबट खोली, जिथे आधी सोयाबीनची पोती ठेवलेली असायची. हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते की तू मोटारी भरणारा. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तुझ्याकडे यायच्या, तू त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायचास आणि नवी तांब्याची तार भरून द्यायचास. चाळीस वर्षं तू हेच केलंस. तुला संग्रहालयाचं वेड लागावं असं त्यात काहीच नव्हतं.

ते लागलं नागपूरला. वहिनीला दाखवायला आपण तिघं गेलो होतो, रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते, म्हणून वेळ काढायला तिथल्या मोठ्या संग्रहालयात शिरलो. वहिनी एका बाकावर बसली. तू काचेच्या कपाटापुढे जो उभा राहिलास तो हलेनास. आत तांब्याचं एक भांडं होतं आणि खाली लिहिलेलं होतं, ‘भांडे, तांबे, उत्खननात प्राप्त’. तू तिथल्या रखवालदाराला हाक मारलीस.

"हे कोनाचं हाये, भाऊ?"

"सरकारचं."

"सरकारनं काय शिजवलं यात?"

तो बिचारा म्हणाला, जमिनीतून निघालं आहे. तू म्हणालास, "जमिनीनं तं शिजवलं नसंन ना." मी तुझा शर्ट ओढत होते. मागे शाळेची पोरं हसत होती. तू मात्र रिसोड येईपर्यंत एसटीत धुसफुसत होतास की एवढी मोठी इमारत, एवढे दिवे, आणि ज्या बाईनं त्यात रोज शिजवलं तिचा कुठे पत्ता नाही. रिपोर्ट काय आले हे तू त्या प्रवासात एकदाही बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. रिपोर्ट वाईट होते, हे दोघांनाही माहीत होतं, आणि तू रागवायला ते भांडं निवडलंस.

वहिनी गेली, आणि वर्षभरात त्या खोलीतली पोती हलली. लोक मोटार घ्यायला आले की तू विचारायचास, घरी जुनं काही पडलं आहे काय. लोक आणून द्यायचे. त्यांना अडगळ कमी झाल्याचा आनंद, तुला आणखी एक वस्तू मिळाल्याचा. तू प्रत्येकाला सांगायचास, ठेवतो आहे, विकत नाही, परत पाहिजे तेव्हा घेऊन जा. गावानं खोलीला अजबखाना म्हणायला सुरुवात केली, तेही तुला आवडलं.

आता तुझ्या चिठ्ठ्यांवर येते, कारण आपलं खरं भांडण तिथलं. दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीला तू पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचास, वाइंडिंगच्या पांढऱ्या दोऱ्यानं. त्यावर मालकाचं नाव, मग तक्रार, मग काम. तक्रार मालक जसा बोलला तशीच. ‘गुरगुर करते.’ ‘सकाळी चालते, दुपारी रुसते.’ ‘पानी कमी अन् आवाज जास्त.’ काम झालं की ‘तयार’ लिहायचं. मालक मोटार घेऊन गेला की त्याच चिठ्ठीवर ‘नेली’ लिहून त्याची सही घ्यायची आणि चिठ्ठी दारामागच्या तारेत ओवून टाकायची. जो यायचाच नाही, त्याच्या चिठ्ठीवर तू खाली आणखी एक ओळ लिहायचास, ‘मालक घ्यायले येत नाही.’ अशा चार-पाच मोटारी कायम कोपऱ्यात असायच्या, आणि तू दर आठवड्याला त्यांच्यावरची धूळ पुसायचास.

"‘घ्यायले’ नाही रे, ‘घ्यायला’," मी म्हणायचे. मी वाशिमच्या शाळेत मराठी शिकवत होते, मला ते डोळ्यांनी सहन व्हायचं नाही.

"मालकाले समजते ना? मंग झालं."

तर खोलीतल्या वस्तूंनाही तू तशाच चिठ्ठ्या बांधल्यास. तीन सेलची एक बॅटरी होती, तिच्यावर लिहिलं होतं, ‘तक्रार: दोघं भाऊ वेगळे झाले. बॅटरी मोठ्याकडे, सेल लहान्याकडे.’ शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर ‘तक्रार: आता बटन दाबतात’. पोहरादेवीकडची एक बाई नवऱ्याबरोबर मोटार घेऊन आली होती, तिनं स्वतःच्या हातानं आरसे लावून शिवलेली पिशवी तुला दिली. त्यावर ‘तक्रार: मधला आरसा पडला. त्यात तोंड दिसे.’ मी तुला म्हटलं, अरे, वस्तूचं नाव लिही, कशाची आहे ते लिही, कशासाठी वापरत ते लिही. बघायला येणाऱ्याला काही कळायला नको?

"नाव तं समोर दिसते," तू म्हणालास. "तक्रार दिसत नाई."

तुझं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग माय गेली. ती तुझ्याकडे होती, तुझ्याच हातून तिनं शेवटचं पाणी घेतलं, त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात ते म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणते. तिचं सगळं तू केलंस, आणि मी शनिवार-रविवार येऊन तुझ्याच चुका काढत बसले.

तिच्या तेरवीनंतर वाटण्या करायला तसं काही नव्हतं. मी एकच मागितलं, तिचा गंज. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, उभट, काठ बाहेर वळलेला, वीस माणसांचं वरण मावेल एवढा. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला तो जायचा आणि घासूनपुसून परत यायचा. त्याच्या बुडाला तांब्याचा एक गोल ठिपका होता. गंज गळायला लागला आणि भांडी सांधणारा तेव्हा यायचा बंद झाला होता. तू नववीत होतास. कुठून तरी तांब्याचा जाड तुकडा आणलास, दगडावर बसून दिवसभर ठोकलास आणि त्या छिद्रात बसवून दोन्हीकडून चपटा केलास. त्यानंतर तो कधी गळला नाही. माय प्रत्येक पाहुण्याला गंज पालथा करून दाखवायची, "हे पाहा, माह्या पोरानं बसवलं." एकदा आत थोडं वरण होतं, ते मामाच्या धोतरावर सांडलं.

तुझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम. हे मला आज लिहिताना दिसतं आहे. त्या दिवशी मला फक्त वरण दिसत होतं.

"मले मायचा गंज पाहिजे, दादा."

"कायले?"

"वरण शिजवाले. दुसरं काय करतात गंजाचं?"

"तुह्या गॅसवर बसते काय तो?"

"ते माह्यं मी पाहीन."

तू गंज पालथा करून पाहिलास. मग म्हणालास, "राहू दे सध्या इथंच. खोलीत ठेवतो. सगळ्यांले दिसन."

"माय काय पाहाची वस्तू हाये काय?" मी म्हटलं. आणखी बरंच म्हटलं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या पानात वाढलं, तिचं भांडं तू रिकामं करून फळीवर मांडणार, वर तिची तक्रार लिहिणार, आणि येणारे-जाणारे ते वाचून हसणार. मी तुझ्या त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही, असं म्हणून मी निघाले. जीप मिळेपर्यंत स्टँडवर तासभर उभी होते. तू मागे आला नाहीस. मला वाटलं होतं येशील.

पुढच्या वेळी आले तर खोलीच्या दाराला टिनाची पाटी. तुझ्याच हातचं रंगकाम, अक्षरं उजवीकडे चढत गेलेली.

हात लावा.
गंज कोणी काढू नये.

पहिली ओळ त्या नागपूरच्या संग्रहालयाला उत्तर होतं, हे मला कळलं. तिथे दर चार पावलांवर ‘हात लावू नये’ लिहिलेलं होतं. दुसरी ओळ मला होती. घरात गंज मागणारी मी एकटीच होते. ‘कोणी’ म्हणजे मी. माझ्या माहेरच्या दारावर माझ्यासाठी पाटी लागली, आणि मी ओसरीवर बसून चहा प्यायले. तुला एका शब्दानं विचारलं नाही.

पुढची सहा वर्षं मी येत होते, ओसरीपर्यंत. राखीला ओसरीवर, दिवाळीला ओसरीवर. "आत येऊन पाहाय ना एकदा," तू म्हणायचास. मी म्हणायचे, "मले इथं वारा लागते, बरं हाये."

त्या पाटीपायी एक दिवस मजा झाली, ती मात्र आपण दोघांनी मिळून अनुभवली. पुण्याहून एक प्राध्यापक आले होते, गळ्यात कॅमेरा. पाटी वाचून ते थबकलेच. म्हणाले, जुन्या वस्तूंवरचा गंज काढायचा नसतो, तो त्यांचा इतिहास असतो, हे मोठमोठ्या लोकांना कळत नाही, तुम्हाला हे कोणी शिकवलं? पुण्याकडे गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. गंज नावाचं भांडं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि तू, दादा, एवढं गंभीर तोंड करून म्हणालास, "अनुभवातून." माझा चहा नाकात गेला.

ते गेल्यावर मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"एवढ्या दुरून आला मानूस. कायले नाराज करा?"

"मग पाटी बदल. ‘मायचं पातेलं’ लिही. कोणालाही कळेल."

"माय पातेलं म्हणे काय? जिनं जनमभर गंज म्हटलं, तिच्या मांगं आपन पातेलं म्हनाचं?"

"उद्या तुझ्या सचिनची बायको बाहेरची आली तर तिला काय कळणार?"

"सुनेले मी सांगीन."

हे तुझं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तू सांगितलं नाहीस. सचिननं पुण्यातच लग्न जमवलं, साताऱ्याकडची कल्याणी, चार महिन्यांपूर्वी लग्न झालं, दोन दिवस रिसोडला राहून ती दोघं नोकरीवर परत गेली. त्या दोन दिवसांत तू तिला घराचा नळ कसा उघडायचा, मोटार कोणत्या बटणानं सुरू होते, शेजारच्या कुत्र्याचं नाव काय, सगळं सांगितलंस. गंजाचं राहिलं. मग तुझे ते दवाखान्यातले आठ दिवस आले, सचिन एकटा धावत आला, आणि कल्याणी पोचली तेव्हा तू सांगण्याच्या पलीकडे गेला होतास.

आणि मला तरी कुठे सांगितलंस. गेल्या उन्हाळ्यात माझा कूलर बंद पडला, त्याचा पंप मी जीपवाल्याच्या हाती तुझ्याकडे पाठवला. आठ दिवसांनी तुझा फोन. "बेबी, तुह्यं काम तयार हाये. घ्यायले ये."

"पाठवून दे ना कोणाच्या हाती."

"ते पाठवायचं नाई."

मला वाटलं, तुला मी यायला हवी आहे, म्हणून पंप अडवून ठेवतोस. मी आले नाही. दोन दिवसांनी पंप जीपवाल्याबरोबर आलाच, तेव्हा मी मनात म्हटलं, बघ, शेवटी पाठवलास ना. दवाखान्यात मी उशाशी बसले होते तेव्हाही तू म्हणालास, "खोलीत जाऊन ये ना, बेबी." मी म्हटलं, "तू बरा हो आधी, मग दोघं जाऊ." तू मान फिरवलीस. मला वाटलं दुखतंय.

सरळ सांगायला काय झालं होतं तुला? आयुष्यभर लोकांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतल्यास. स्वतःची एक तोंडानं सांगता आली नाही.

सोळाव्या दिवशी मी खोलीत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सगळे दुपारचे आडवे झाले होते, मी ओसरीवरून उठले आणि पाटीखालून आत शिरले. वार्निशचा वास होता, तुझ्या कपड्यांना यायचा तोच. सगळ्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या. मधल्या फळीवर धुळीत एक मोठा गोल स्वच्छ होता, आणि त्या गोलात काही नव्हतं.

कल्याणी मागे येऊन उभी राहिली. गुणी मुलगी आहे. दहा-बारा दिवसांत तिनं तुझं घर हातात घेतलं, आणि रडतही कोपऱ्यात जाऊन रडली, की कामं खोळंबू नयेत.

"इथलं भांडं कुठाय गं?"

"आत्या, मी इथल्या कशालाही हात लावू दिला नाही," ती घाईनं म्हणाली. "तेरवीला माणसं येणार म्हणून सगळे म्हणत होते, वस्तू घासून लख्ख करू. मी नाही म्हटलं. बाबांनी दारावर लिहून ठेवलंय ना, गंज काढू नका म्हणून. तो अडकित्ता, ती कुऱ्हाड, तो कंदील, बघा, सगळ्यांवरचा गंज जसाच्या तसा आहे."

"आणि इथलं?"

"ते ॲल्युमिनियमचं पातेलं? आचाऱ्याला भांडं कमी पडलं. बायकांच्या पंगतीला वरण पुरणार नव्हतं, आणखी टाकायचं होतं. मी हे दिलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "त्याला कुठे गंज होता?"

मी तिथे कोपऱ्यातल्या एका मोटारीवर बसले आणि हसायला लागले. ती घाबरली. मग मी रडायला लागले, तेव्हा तिला जरा बरं वाटलं असावं, कारण तेवढं तिला समजत होतं. तिनं पाणी आणून दिलं. दादा, ती तुझी पाटी अक्षर न् अक्षर पाळत होती. सगळ्या गावातून तिनंच ती पाळली. आणि मी तेरवीला मायच्या गंजातलं वरण दोनदा मागून घेतलं, आणि मला कळलंसुद्धा नाही.

गंज मग गेला कुठे? तर तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बिछायतवाला मंडप, सतरंज्या आणि त्याची भांडी घेऊन गेला, त्यांतच तोही गेला. गंजात गंज घालून त्यांनी टेम्पो भरला.

मी तशीच निघाले. कल्याणी चप्पल घालत मागे आली. बिछायत केंद्राच्या दारात टेम्पो उभा, लग्नाची भांडी भरून तयार, चालक पान जमवत होता. मालकानं मला ओळखलं, तुझी बहीण म्हणून.

"गंज?" तो म्हणाला. "मॅडम, माह्याकडे गंजच गंज हायेत. कोनता तुमचा, कसा ओळखसान?"

"बुडाला तांब्याचा ठिपका आहे."

त्यानं एक गंज पालथा करून दाखवला. बूड काळंकुट्ट. दुसरा दाखवला, तोही तसाच. भट्टीवर चढलेल्या भांड्यांची बुडं सगळी सारखी असतात. "काजळी घासून पाहाले तं दिवस जाईन," तो म्हणाला. "अन् लग्नाची गाडी अडून राह्यली."

मी टेम्पोत चढले. माझं वय, माझे गुडघे, मला सगळं माहीत आहे, तू सांगू नकोस. एकात एक बसवलेले गंज मी ओढून काढायला लागले, कल्याणी खाली एकेक धरत होती. तेव्हा सुचलं की तू ठिपका दोन्हीकडून चपटा केला होतास. बूड काळं असेल, आतून तर घासलेलं आहे. पण टेम्पोत उभट गंजांच्या तळाशी अंधारच होता, मग मी डोळ्यांनी पाहणं सोडून दिलं. प्रत्येक गंजात हात घालायचा, तळावरून बोटं फिरवायची आणि पुढचा घ्यायचा. मालक म्हणाला, "मॅडम, काय करून राह्यल्या?" कल्याणीनं त्याला सांगितलं, "हात लावायचा असतो." कुठून बोलली देव जाणे.

अकरावा की बारावा होता. तळाच्या मधोमध नाही, जरा बाजूला, बोटाला एक गोल उंचवटा लागला. एवढासा. नववीतल्या पोरानं ठोकलेला, एका कडेला थोडा जास्त चेपलेला. मी हात तिथेच ठेवून टेम्पोत बसून राहिले. खालून चालक म्हणाला, "भेटला काय?" मालकानं त्याला गप्प बसायला सांगितलं.

घरी आलो तेव्हा कल्याणीनं देवघरातल्या डब्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला, पांढऱ्या दोऱ्यासकट. "याला ही चिठ्ठी होती, आत्या. चुलीवर जळेल म्हणून काढून ठेवली. परत बांधायची होती." मग म्हणाली, "पण ही बेबी कोण?"

मी चष्मा लावून वाचलं.

मालक: बेबी.
तक्रार: गळत होता. आता नाही गळत.
काम: तयार.
मालक घ्यायले येत नाही.

शेवटची ओळ वेगळ्या पेनची होती.

सहा वर्षं, दादा. सहा वर्षं तो तिथे माझ्या नावानं बांधलेला होता, तू दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसत होतास, आणि मी वीस पावलांवर ओसरीवर बसून वारा खात होते. ‘गंज कोणी काढू नये’ म्हणजे मी येऊन घेईपर्यंत कोणी हलवू नये. एवढाच अर्थ होता. प्राध्यापकानं तो चुकवला, सुनेनं चुकवला, त्यांचं मी समजू शकते. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि सख्ख्या भावाचं चार शब्दांचं वाक्य मला वाचता आलं नाही. तुझं चुकलंच, तू बोलला नाहीस. पण मी आत पाय टाकला असता तर तुला बोलावं लागलं नसतं. हे दोन्ही मी एकदम मान्य करते आहे, आणि त्यानं राग काही कमी होत नाही.

कल्याणी अजून उत्तराची वाट बघत होती. "बेबी मी," मी म्हटलं.

दुकानात जाऊन मी तुझं पेन घेतलं. चिठ्ठीवर ‘नेला’ लिहिलं. सवयीनं पूर्ण सही करायला गेले, ‘सु’ लिहून झाला, मग खोडलं आणि ‘बेबी’ लिहिलं. या नावाची सही मी जन्मात केली नव्हती. ते नाव हाक मारण्यापुरतं होतं, हाक मारणारे दोघंच, माय आणि तू. चिठ्ठी दारामागच्या तारेत ओवली. तार भरत आली आहे.

जीपमध्ये गंज मांडीवर घेऊन वाशिमला आले. आता तो माझ्या ओट्यावर आहे, आणि सांगायला जड जातं आहे, पण गॅसवर तो बसत नाही. दोन्ही शेगड्या अडवतो आणि वर एका बाजूला कलतो. तू म्हणाला होतास. एवढी एकच गोष्ट तू मला तोंडावर सरळ सांगितलीस, तीच मी ऐकली नाही.

म्हणून अंगणात तीन विटा लावून वरण टाकलं आहे. वीस माणसांचा गंज, त्यात तिघांपुरतं केलं तर तळाला राहतं, तरी केलं. सचिन आणि कल्याणी पुण्याला परत जायच्या आधी जेवायला येतात. मघाशी कल्याणीचा फोन आला, काही आणू का विचारायला. मी म्हटलं, काही आणू नका, गंजात वरण शिजतंय.

"आत्या, गंज म्हणजे पातेलंच ना?" तिनं खात्री करून घेतली.

"गंज म्हणजे गंज," मी म्हटलं. "तू खायले ये."